गुरुवारचं अपडेट

हिरेमठ सर जाऊन दीड वर्ष झालं, तरी गुरुवारी मी त्यांच्या खुर्चीवर बसत नाही. शेजारी स्टूल ओढते, तिरकी बसून की-बोर्डवर हात ठेवते आणि काम उरकते. रक्तपेढीतल्या नव्या मुली हसतात. "मॅडम, खुर्ची रिकामी हाय की," म्हणतात. मी म्हणते, पाठीला स्टूल बरं पडतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. भुताची नाही. सर भूत झाले असते तरी दारात उभं राहून आधी "येऊ का?" असं विचारलं असतं, इतके ते रीतीचे. भीती वाटते ती याची, की ते मागे येऊन उभे राहतील आणि काहीच बोलणार नाहीत.

आमची रक्तपेढी सोलापुरात, एका ट्रस्टची. मी तिथे तंत्रज्ञ. रक्त तपासायचं, गट ठरवायचा, पिशवीवर चिठ्ठी लावायची, हे माझं काम. सर नोंदी आणि संगणक सांभाळायचे. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक पेन कधीच उठायचं नाही. कुणी पेन मागितलं की ते आधी तेच पुढे करायचे. "ज्याला खरंच लिहायचं हाय, तो परत मागतो," म्हणायचे. "बाकीचे खिशात घालून जातात."

संगणक ते कुठे शिकले, कुणाला माहीत नव्हतं. आधी एका सूतगिरणीच्या ऑफिसात कारकून होते. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांच्या नोंदींची बाडं उघड्या व्हरांड्यात टाकून दिलेली त्यांनी पाहिली होती. वर्षभरात वाळवीनं सगळं खाल्लं. कोण किती वर्षं राबला, याचा कागद उरला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता, पण सांगताना कप तसाच हातात राहिला. त्यांना नोंदींची कॉपी काढून ठेवायचं वेड का होतं, ते मला त्या दिवशी कळलं. "आधी कॉपी, मग काम," हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू यायचं. पंख्याचं बटण दाबतानाही म्हणतील की काय, असं वाटायचं.

पेढीच्या सगळ्या नोंदी एका मोठ्या मशीनवर होत्या आणि ते मशीन लिनक्सवर चालायचं. लिनक्स म्हणजे काय, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. सरांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "लई लोकांनी मिळून बांधलेलं घर." आमच्याकडची आवृत्ती फुकट होती, पण तिच्यामागे परदेशातली एक बडी कंपनी होती. एके दिवशी बातमी आली की ती आवृत्ती आता बंद. ठरलेल्या तारखेनंतर दुरुस्त्या येणार नाहीत. पाहिजे तर विकतची घ्या.

ट्रस्टची बैठक भरली. सरांनी सुचवलं, की त्याच घडणीची दुसरी आवृत्ती लोकांनी उभी केली आहे, कंपनीशिवाय, आपण तिच्यावर जाऊ. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"हिरेमठ, ही चालवतं कोण?"

"लोक."

"कोण लोक?"

"ज्यांना गरज हाय ते. थोडे गरज नसलेले पण."

एक विश्वस्त हसले. "म्हणजे फुकट ते पौष्टिक!"

"हसायचं सोडा," अध्यक्ष म्हणाले. "उद्या काही झालं तर धरायचं कुणाला? करार कुणाशी?"

सर उभे राहिले. एरवी ते बैठकीत बसूनच बोलायचे. "साहेब, आपल्याकडं रक्त कोण देतंय? त्यांच्याशी करार हाय का आपला? उद्या येत न्हाय म्हणाले, तर कुणाला धरणार? तरी पेढी चालली की इतकी वर्षं. फुकट म्हणजे बेवारस न्हवं, साहेब."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला. ठराव पास झाला.

नव्या आवृत्तीवरचं ते स्थलांतर मी पाहिलं. एका रविवारी, भल्या सकाळी. त्याआधी पंधरा दिवस सरांनी एका जुन्या मशीनवर नवी आवृत्ती चालवून पाहिली होती. रोज दोन्हीकडे नोंदी करायचे, संध्याकाळी ताडून बघायचे. रविवारी मला शेजारी बसवलं, हातात कागद दिला आणि म्हणाले, "एक एक ओळ वाच. मी टाइप केलं की टिक कर. मी घाई केली तर हात धर." मी वाचत होते, ते टाइप करत होते. मध्ये पडदा काळा झाला. सर खुर्चीला टेकून शांतपणे विभूतीचा पट्टा चाचपत राहिले. पाच मिनिटांनी अक्षरं उमटली. त्यांनी मांडीवर थाप मारली, "आयितु!" कानडीत झालं म्हणजे आयितु. पुढे दर गुरुवारी हा शब्द ऐकायची मला सवय लागली.

गुरुवार अपडेटचा. हे मशीन आपोआप अपडेट करायला लावता येतं, हे मीही ऐकलं होतं. मी तसं म्हटल्यावर ते चिडले. "आपोआप म्हणजे कुणीच न्हाय. माणूस शेजारी पाहिजे." आधी कॉपी, मग जुन्या साठलेल्या फायली काढून जागा मोकळी करायची, मग अपडेट, मग वहीत तारीख आणि सही. आणि अपडेट झाल्यावर त्यांचा एक खास उद्योग असायचा. प्रत्येक दुरुस्तीखाली ती करणाऱ्याचं नाव असतं. सर ती नावं मोठ्यानं वाचायचे. उच्चारांची पार वाट लावायचे, पण एकही गाळायचे नाहीत. "ह्या बाईनं केलंय बग. हा आपला जुनाच. ह्यो नवीन दिसतोय." त्या लोकांना सोलापूरची शेंगाचटणी पाठवायची, असं त्यांनी एकदा मनावर घेतलं. डबे आणले, पॅक केले, मग लक्षात आलं की पाठवायची कुठे? "पत्ताच न्हाय की," म्हणाले आणि महिनाभर आम्हीच ती खाल्ली.

एका गुरुवारी ते नावं वाचता वाचता थांबले. दोन-तीन आठवडे मागे गेले, पुन्हा पुढे आले. "ह्यो दिसत न्हाय," म्हणाले. कुठल्याशा थंड देशातला माणूस. दर आठवड्याला त्याचं नाव असायचं. मी म्हटलं, सुट्टीवर गेला असेल. सरांनी ही आवृत्ती सांभाळणाऱ्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या फोरमवर विचारलं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. तो वारला होता. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं. ना ओळख ना पाळख, ना तोंड पाहिलेलं. मी तसं बोललेही. सर म्हणाले, "वैशाली, त्यानं आपलं मशीन चार वर्षं सांभाळलं. तू आजारी पडलीस तर मी विचारीन का न्हाय?" मग म्हणाले, "माणूस गेला की त्याचं नाव यायचं थांबतं. कुणीतरी बगायला पाहिजे की थांबलंय."

तेच ते रक्तदात्यांच्या बाबतीत करायचे. बॉम्बे ग्रुप नावाचा एक दुर्मीळ रक्तगट असतो. तो असलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं. आमच्या यादीत असे दाते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बार्शीचा एक, मैंदर्गीचा एक, दोघं शहरातले, असे. सर त्यांना दर दोन महिन्यांनी फोन करायचे. रक्त नको असतानाही. "काय भीमाशंकर, बरं हाय ना? नंबर त्योच ना? पोरगी कितवीला गेली?" मी चेष्टा करायचे की सर, तुमची ही सोयरीक जमवायची यादी आहे की रक्ताची? ते म्हणायचे, "जी यादी कुणी बगत न्हाय, ती मेलेल्यांची यादी असती."

मग सर आजारी पडले. फुप्फुसाचं दुखणं होतं. रजेवर गेले आणि गुरुवार माझ्याकडे आला. जाताना त्यांनी मला समोर बसवून सगळं दोनदा करून घेतलं होतं. मला येत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण येत नव्हतं अशी पळवाट मला नाही. मला भीती वाटायची. तो पडदा काळा व्हायचा तेव्हा शेजारी विभूतीचा पट्टा चाचपणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच गुरुवारी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पेढीचं मशीन काही बंद ठेवता येत नाही, रक्ताला सण कुठला? पण अपडेट त्या दिवशी नाही, हा सरांचा नेम. मशीनला हळद-कुंकू, झेंडूचं एक फूल, आणि वहीत ते लिहायचे, "आज विश्रांती." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फूल उचलायच्या आत अपडेट व्हायचं. मी फूल वाहिलं, वहीत "आज विश्रांती" लिहिलं आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. शुक्रवारी शिबिर होतं, वेळ झाला नाही. पुढच्या गुरुवारी वाटलं, एक आठवडा राहिलाच आहे, आणखी एकानं काय बिघडतं? मशीन तर छान चालत होतं. वही उघडली. गेल्या गुरुवारी लिहिलेलं पुन्हा कसं लिहिणार? मी लिहिलं, "झाले." खाली सही केली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा खोटं लिहिल्यावर हात जड होत नाही, उलट सुटतो.

पाचव्या गुरुवारी काम आटपून मी सरांना बघायला गेले. जुळे सोलापूर भागात मुलीच्या फ्लॅटवर होते. मुलगी भाग्यश्री, शाळेत शिक्षिका. सर गादीवर उशांना टेकून बसले होते. शर्ट त्यांचाच, पण आतला माणूस अर्धा. शब्द तोडून तोडून बोलत होते. पेढीतल्या एकेकाची चौकशी झाली. मग म्हणाले, "आज गुरुवार न्हवं?"

"हो सर."

"अपडेट?"

"झालं सर."

"कॉपी घेतलीस आधी?"

"घेतली की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." भाग्यश्रीला म्हणाले, "हिला शेंगाचटणी बांधून दे. भाकरीबरोबर आवडती तिला."

त्या चटणीची पुडी रात्री मी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी ठरवलं की सगळं एकदम उरकून टाकायचं. पाच आठवड्यांचं एका दमात. कॉपी घेतली नाही. घ्यायला तास लागतो आणि मला तो डाग पुसायची घाई झाली होती. जागा मोकळी करायची तर आठवणच राहिली नाही. अपडेट अर्ध्यावर गेलं आणि जागा नाही म्हणून अडकलं. मी घाबरून मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

तासाभरात बार्शीहून फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, आणि गट बॉम्बे. आमच्याकडे त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. यादी मशीनमध्ये. कागदी रजिस्टरं होती, पण तारीखवार, कपाटंभर. जुनी कॉपी उघडायची तर दुसरं मशीन उभं करायला हवं. पलीकडून डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "मॅडम, नाव सांगताय ना? मॅडम?" आणि मी हळद-कुंकू वाळलेल्या त्या डबड्यासमोर उभी. आजही कधीकधी ते "मॅडम?" मला स्वयंपाक करताना ऐकू येतं.

मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, बॉम्बे पाहिजे, बार्शीला, यादी उघडत नाही.

का उघडत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "लिहून घे."

आणि आकडे सांगायला लागले. पाठ. तीन आकडे, मग श्वास. पुन्हा तीन आकडे, श्वास. मध्ये खोकल्याची उबळ आली, मागे भाग्यश्री "अप्पा, बास" म्हणत होती, ते म्हणाले, "थांब गं." सगळे नंबर सांगितले. एकेका नावाबरोबर एकेक गोष्टही सांगितली. ह्याला मागच्या महिन्यात कावीळ झाली, त्याला बोलवू नको. भीमाशंकर शेतात असंल, फोन उचलणार न्हाय, बायकोच्या नंबरवर लाव. बार्शीचा मास्तर शाळेत असंल, पण त्यो येतोच. शेवटी म्हणाले, "परत वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. एक आकडा चुकला होता, तो त्यांनी सुधारला. मग फोन ठेवला. त्यांचा आवाज मी ऐकला तो हा शेवटचा.

बार्शीचे मास्तर वर्ग सोडून अर्ध्या तासात दवाखान्यात गेले. आमच्याकडे भीमाशंकरची बायको त्याला शेतातून हाक मारून घेऊन आली. बाई वाचली, बाळही वाचलं. पेढीत पेढे आले. मशीन दुसऱ्या दिवशी मी फोरमवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारून उभं केलं. कुणी अनोळखी माणूस तीन तास माझ्याबरोबर बसून होता, एकेक ओळ सांगत. शेवटी त्यानं विचारलं, सोलापूरचे ते काका हल्ली दिसत नाहीत, बरे आहेत ना? मी लिहिलं, बरे आहेत.

बाई वाचली म्हणून मला कुणी काही विचारलं नाही. नसती वाचली, तर चौकशी झाली असती, वही उघडली गेली असती, मला काय व्हायची ती शिक्षा झाली असती. ती कुणी दिलीच नाही. त्यामुळे ती संपतही नाही.

पुढच्या गुरुवारी मी अपडेट केलं, कॉपी घेऊन, सगळं रीतसर. पण सरांकडे गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. म्हटलं, जरा दिवस जाऊ देत, मग सांगू सगळं. रविवारी सकाळी भाग्यश्रीचा फोन आला.

त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. मी गेले तेव्हा त्यांना मांडी घालून बसवलं होतं. ताजी विभूती, गळ्यात हार. पाठ ताठ, गुरुवारी मशीनपुढे असायची तशी. मला तिथे फार वेळ थांबवेना.

महिन्याभरानं भाग्यश्री पेढीत आली, सरांचा फोन घेऊन. म्हणाली, "मॅडम, अप्पांच्या फोनवर दर गुरुवारी सकाळी तुमच्या मशीनचा मेल येतो. तो बंद कसा करायचा?"

मला असा मेल जातो हेच माहीत नव्हतं. सरांनी कधीतरी लावून ठेवलेलं असणार. मशीन स्वतःच कळवायचं, की शेवटचं अपडेट कधी झालं, शेवटची कॉपी कधी, किती दुरुस्त्या बाकी. मी मागे सरकवत गेले. पाच गुरुवार. अपडेट नाही, कॉपी नाही. बाकीचा आकडा दर आठवड्याला वाढत गेलेला. पाचही मेल उघडून वाचलेले.

"बघायचे का ते?" मी विचारलं.

"गुरुवारची वाट बघायचे," भाग्यश्री म्हणाली. "मी म्हटलं, फोन करून विचारा की त्यांना. तर म्हणाले, नको, ती सांगंल. तिला भ्या वाटत असंल. सांगंल ती."

म्हणजे त्या दुपारी मी समोर बसून "झालं सर" म्हणाले, तेव्हा सकाळचा मेल त्यांनी वाचलेला होता. कॉपीचं त्यांनी मुद्दाम विचारलं होतं. मला दुसरी संधी म्हणून.

त्या दुपारी सरांना भेटून मी जिना उतरून खाली आले. स्कूटर सुरू करताना वर पाहिलं तर सर गॅलरीत आलेले. दुसऱ्या मजल्यावर. गादीवरून तिथपर्यंत कसे आले कोण जाणे, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खालून मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. ते काहीतरी म्हणाले, पण आवाज खालपर्यंत पोचेना. मी हेल्मेट काढलं, मान वर करून विचारलं, "काय सर?" त्यांनी श्वास गोळा केला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी काही बोलते का, याची वाट बघत होते.

मी म्हटलं, "येते सर."

त्यांनी कठड्यावरचा एक हात सोडला आणि हलवला.